लोड बांधायला तुम्हाला कोणी शिकवलं? अनुभव सांगा

राम राम मंडळी. आमच्या दोन गाड्या आहेत, ४० फुटी उघडे ट्रेलर, जालन्याहून पुण्याला सळई टाकतो. मी डिप्लोमा करून दोन वर्षं नोकरी केली, मग वैतागून वडिलांच्या धंद्यात आलो. हिशेब, डिझेल, बिल्ट्या सगळं जमतं पण बांधणी कुणी शिकवलीच नाही, बघून बघून केली. गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हर आजारी म्हणून मी स्वतः गाडीवर होतो, नेवाशाच्या अलीकडं एक दुचाकीवाला आडवा आला, मी ब्रेक दाबला आणि मागून असा घर्रर्र आवाज आला की पोटात गोळाच आला. उतरून बघतो तर वरची दोन बंडलं हातभर पुढं सरकून कॅबिनमागच्या पत्र्याला टेकलेली. साखळ्या मात्र जागच्या जागी, तुटलं काहीच नव्हतं! सळई साखळीच्या खालून सरळ निघून आली होती. पुढं ढाब्यावर एका म्हाताऱ्या ड्रायव्हर मामांनी बघितलं. हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "साखळी वरून टाकलीस रे, पण बंडलाला मिठी कुठं मारलीस?" मग त्यांनीच सोडून दाखवलं, साखळी आधी बंडलाभोवती एक पूर्ण वेढा घेऊन मग हुकात, म्हणजे ब्रेक लागला की बंडल आवळलं जातं, निसटत नाही. चहाचे पैसेपण घेतले नाहीत. तर तुम्हाला कोणी शिकवलं, काय चुकलं, लिहा.

घाटातला जुना
लेका तू नशीबवान, पत्र्यानं वाचवलं. आम्ही चार वर्षं किन्नर (म्हणजे गाडीवरचा क्लीनर) म्हणून काढली, स्टेअरिंगला हात लावायच्या आधी. आमच्या वस्तादानं पहिले सहा महिने फक्त दोर गुंडाळायला लावला. दोर नीट गुंडाळलेला नसला की लाथ. दुसरं म्हणजे गाठ. मी आपला घरच्यासारखी निरगाठ मारायचो, वाटायचं जेवढी घट्ट तेवढी भारी. एकदा कसाऱ्याला रात्री पाऊस, माल एका बाजूला कललेला, दोर सोडून परत आवळायचा होता आणि माझी निरगाठ काय सुटेना, बोटं सोलून निघाली, शेवटी कोयत्यानं तोडला. वस्तादानं दोराचे पैसे पगारातून कापले आणि वर सांगितलं, "गाठ अशी मार की ओढ लागली तर घट्ट होईल आणि आपण शेपूट ओढलं की सुटंल." ती सुरगाठ मग रोज झोपताना गाडीच्या हुकावर शंभरदा मारायचो. आता डोळे मिटून येते.
आणि हो, तेव्हा काथ्याचे, तागाचे दोर असायचे. ते भिजले की आवळायचे आणि वाळले की ढिले, त्यामुळं पाऊस उघडला की खाली उतरायचंच. नायलॉन आलं तेव्हा वाटलं सुटलो, पण नायलॉन ताणावर लांबतं, तिथंही उतरायचंच. थोडक्यात उतरायला पर्याय नाही, एसी कॅबिनवाल्या पोरांना हेच नको असतं 😀

पेंढीवाली
मी ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची मुलगी. बाबा सोलापूर भागातून पश्चिम महाराष्ट्रात कडबा न्यायचे आणि सुट्टीत मी पण कॅबिनमध्ये. कडब्याचं लोड म्हणजे उंच, हलकं आणि डुलणारं. पेंढ्या रचताना बुडखे बाहेर शेंडे आत, म्हणजे कडा भिंतीसारखी उभी राहते, हे मला आठव्या वर्षी माहीत होतं. गावातून गाडी जाताना वरती एक माणूस आडवा झोपलेला असायचा आणि विजेच्या तारा आल्या की ओरडायचा, आज विचार केला तरी अंगावर काटा येतो, तेव्हा सगळे तसंच करायचे. बाबा गाव सोडलं की पहिल्या मोठ्या झाडाखाली थांबायचेच. मला हातात बॅटरी धरायला लावायचे आणि स्वतः एकेका दोरावर पंजा ठेवून गाडीभोवती फिरायचे, तोंडानं काही नाही. एखाद्या दोरावर पंजा जरा जास्त वेळ राहिला की मला कळायचं, आता इथं वेळ लागणार, मी खाली मातीतच बसून घ्यायचे. त्यांनी मला कधी काही शिकवलं असं नाही, पण आज स्कूटरवर गॅसची टाकी बांधली तरी मी पुढच्या चौकात थांबते आणि नवरा चिडतो.

ताडपत्री बहाद्दर
एकच सांगतो. ताडपत्री म्हणजे बांधणी नव्हे. तिच्यानं पाऊस आणि धूळ थांबते, माल थांबत नाही.

चाकण लाइन
मी कॉइल टाकतो, म्हणजे पोलादी पत्र्याच्या मधे भोक असलेल्या गुंडाळ्या, एकेक १८-२० टनाची. लोक विचारतात एवढं जड, हलणार कसं? जड आहे म्हणूनच तर हलतं! गाडी थांबते, कॉइल थांबत नाही. भोक आडवं ठेवलं तर ब्रेकला कॉइल सरळ कॅबिनकडं लोळायला तयार, भोक गाडीच्या लांबीत ठेवलं तर ब्रेकला बरं पण वळणावर बाजूला. त्यामुळं दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी खिळे मारून, साखळी भोकातून काढून समोरासमोर, आणि खाली रबराची चटई. लोखंडावर लोखंड, त्यात तेलाचा हात फिरलेला, म्हणजे साबणावर साबण. माझी तक्रार वेगळी आहे, नाव घेत नाही, पण एका ठिकाणी क्रेननं कॉइल ठेवली की गेटवाला लगेच "गाडी काढ, मागं लाइन लागलीय" करतो. बांधायला पाऊण तास लागतो, देतात दहा मिनिटं. मी गेटबाहेर कडेला लावून परत बांधतो, तिथं पोलीस उठवतो. काय करावं माणसानं?

सांगलीकर, सध्या कॅल्गरी
इथं कॅनडात चार वर्षं फ्लॅटबेड, म्हणजे उघडा सपाट ट्रेलर, चालवतोय. इथं हे सगळं नियमात लिहिलेलं आहे, म्हणजे जेवढं वजन त्याच्या निम्म्या वजनाला तरी पुरेल एवढी बांधणी लागते. ४४,००० पौंडाच्या प्लेटा असल्या तर २२,००० ची. पाऊण इंचाच्या निम्मी, म्हणजे ३/८ ची ग्रेड ७० (मजबुतीचा दर्जा) साखळी ६,६०० पौंडाची धरतात, तीन टाकल्या तर १९,८०० होतात, कमी पडतात, चौथी टाकावीच लागते. निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत उतरून तपासायचं, मग दर तीन तासांनी किंवा २४० किलोमीटरला, जे आधी येईल ते. आणि मला वाटलं होतं हे फार परदेशी काहीतरी आहे, तर वर ताईंच्या बाबांचं झाड वाचून हसूच आलं.
पुस्तकात नसलेलं मात्र एका पंजाबी पाजींनी शिकवलं. पट्टा टाकताना त्याला एक पीळ द्यायचा, नाहीतर सपाट पट्टा वाऱ्यात शंभरच्या स्पीडला फडफडतो, भुंग्यासारखा घूं घूं करतो आणि कडेला घासून फाटतो. एक पीळ दिला की गप्प. उणे तीसमध्ये रॅचेट (पट्टा आवळायची कळ) गोठतं तेव्हा काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घाटातला जुना
@सांगलीकर ते आम्हाला कळलं 😂
@धागाकर्ता अजून एक, सळई मागं बाहेर काढू नको. पूर्वी मीटरभर चालायची, लाल फडकं बांधलं की झालं. २०१४ पासून बंद आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड २० हजार आहे, वर बाहेर आलेला माल उतरवायचा खर्च आपलाच. दंडाचं सोड, रात्री मागून येणाऱ्याला ती सळई दिसतच नाही.

पवनचक्कीवाला
आम्ही चाळकेवाडीला पाती चढवली तेव्हा पुढं दोन पोरं नुसती बांबू घेऊन चालायची, तारा वर उचलायला. एका वळणाला तीन तास. बांधणीपेक्षा वळण जास्त शिकलो, पण तो वेगळा धागा होईल.

धागाकर्ता
सगळ्यांना धन्यवाद, खरंच. काल वेढे घालून २५ टन भरून निघालो. बदनापूरला मुद्दाम थांबलो, जालन्यापासून फार तर वीस किलोमीटर, मनात म्हटलं एवढ्यात काय ढिलं होणार. पुढच्या साखळीचं टर्नबकल (साखळी आवळायचा आट्यांचा स्क्रू) हातानं फिरलं. हातानं! पहार घालून आवळलं तर चांगले चार आटे आत गेले. मागच्या दोन ठीक होत्या. सळई हादऱ्यानं बसते हो खाली, आता दिसतंय. शिरूरला परत बघितलं तेव्हा हललं नव्हतं.
@चाकण लाइन, ती रबराची चटई कुठून घेता, किती जाडीची? कळंबोलीत एकानं सांगितलेला भाव ऐकून चक्कर आली. जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे चालतील का?