मदत हवी आहे : मुलीसाठी ज्युदो, बॉक्सिंग की आणखी काही? (ठाणे)

नमस्कार मंडळी. लेक अकरावीला आहे. क्लास सुटला की रात्री ठाणे स्टेशनवरून घोडबंदर रोडची बस पकडून एकटी येते. स्वसंरक्षणासाठी काहीतरी शिकायचं तिनेच ठरवलंय.

जवळच्या कराटे क्लासमध्ये काता (ठरलेल्या हालचालींचा क्रमाने सराव) आणि बेल्टच्या परीक्षाच जास्त दिसल्या, मोकळं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, जवळपास नाहीच. तायक्वांदोच्या उंच किक बघायला झकास, पण भरलेल्या लोकलमध्ये पाय उचलायला जागा कुठली? मला ज्युदो पटतोय. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तो सुरू केला आणि रांदोरीवर, म्हणजे खराखुरा विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या सरावावर, भर दिला. शिवाय न लागता पडायचं कसं तेही शिकवतात. (पावसाळ्यातल्या आमच्या फुटपाथवर मलाही उपयोगी पडेल!) अहोंचं मत बॉक्सिंग : अंतर राखायचं, एक ठोसा, मग पळ. तेही खोटं नाही. क्राव मगाच्या (इस्रायली स्वसंरक्षण पद्धत) वीकेंड शिबिरांवर मात्र माझा विश्वास नाही. दोन दिवसांत हात वळत नाही.

ठाणे, कळवा किंवा ऐरोलीत मुली नियमित येतात आणि खरं स्पारिंग होतं असा ज्युदो किंवा जिउ-जित्सूचा (ज्युदोसारखीच पकडींची कला) क्लास माहीत आहे का? फी आणि संध्याकाळच्या बॅचची वेळही सांगा. कोणाला प्रत्यक्ष प्रसंगात यातलं काही उपयोगी पडलं असेल तर जरूर लिहा.