कुंडीतली जास्वंद पावसात पिवळी पडते, त्याबद्दल

वर विचारलंय की रत्नागिरीत गच्चीवरची जास्वंद जुलैत पिवळी पडते, खत कमी पडतंय का? खत नव्हे, पाणी जास्त होतंय. आपल्याकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. नुसती लाल माती भरली असेल तर ती दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. अशात कृपा करून युरिया घालू नका.

आधी कुंडीखालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, तळाचं भोक काडीने मोकळं करा. पुढच्या वेळी मातीत शेणखत आणि भिजवून धुतलेला काथ्याचा भुसा भरपूर मिसळा.

दुसरं कारण मुळांची दाटी. आमच्या सहा वर्षांच्या अनंताच्या झाडाची कुंडी गेल्या जूनच्या सुरुवातीला उपडी केली, तर मुळांचा गोळा हुबेहूब कुंडीच्या आकाराचा, त्यात बोटही शिरेना. कोयत्याने कडेचा दोन बोटं थर कापला, वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटल्या, नवी माती भरून झाड आठवडाभर सावलीत ठेवलं. पंधरवड्यात पानांच्या बेचक्यातून हिरवे कोंब आले! वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडाला हे दर दोन-तीन वर्षांनी करावंच लागतं.

गच्ची थेट समुद्रासमोर असेल तर पुढच्या रांगेत बोगनवेल ठेवा, ती खारा वारा सोसते. मोगरा, अबोली तिच्या आडोशाला.

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसतंय का? असेल तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड, तिचा उपाय वेगळा. फोटो टाका.