मदत हवी आहे : स्प्लॅटून ३ (निन्टेंडोचा, शाई मारून जमीन रंगवायचा शूटिंग गेम) मधला तीन टीमचा मोड कसा खेळायचा?

भावांनो, लातूरला माझ्या ओळखीत हा गेम खेळणारं दुसरं कुणीच न्हाई म्हणून इथं विचारतोय. स्प्लॅटफेस्टच्या (गेममधली टीमा पाडून होणारी स्पर्धा) दुसऱ्या हाफमधी ट्रायकलर टर्फ वॉर, म्हंजी हाच तीन टीमचा मोड, येतो ना, मधोमध चार जण डिफेन्सला आन् दोन बाजूनं दोन-दोन जणांच्या टीमा अटॅकला, मॅच फक्त ३ मिनिटांची, तर अटॅकला आल्यावर अल्ट्रा सिग्नल (मैदानातली वस्तू, ती अटॅकवाल्यांनी धरून मिळवायची असती) घ्यायला दोघांनी बी सोबत पळावं का एकानं रंग मारत ऱ्हावं? सिग्नल धरला की चहूकडून मारा होतो, टिकताच येत न्हाई. आन् दुसरी अटॅकवाली टीम आपल्यालाच कामून मारती? मला तर वाटतं दोन्ही अटॅकवाल्या टीमांनी मिळून डिफेन्सलाच घेरावं. अनोळखी पार्टनरला हे कळवायचं कसं, 'धिस वे' (इकडं या, असा इशारा) दाबून भागतं का? हत्यार म्हणून रोलर घेऊ (जवळून रंगवायचं) का चार्जर (लांबून नेम धरायचं)? सविस्तर सांगा राव.