टीन टायटन्स गो बघणाऱ्या मुलाला जुनं टीन टायटन्स दाखवावं का?

अबोलीची_वेणी:
माझा मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत आहे. सध्या घरात सकाळ-संध्याकाळ टीन टायटन्स गो, पाच किशोरवयीन सुपरहिरोंचं ते विनोदी कार्टून. त्यातले सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय वॉफल्स सोडून दुसरा शब्दच बोलत नाहीत तो एपिसोड तर इतक्यांदा झालाय की आता भाजी कुठली करू विचारलं तरी उत्तर वॉफल्स. हसतो खूप, मलाही बरं वाटतं.

पण मी आणि माझा भाऊ जुनं बघत मोठे झालो, २००३ साली सुरू झालेलं. टायटन्सची मैत्रीण टेरा दगड होते तो एपिसोड बघितला त्या रात्री आम्ही दोघं धड जेवलो नव्हतो, आईला कळेना झालंय काय. आणि परवा नवीनमध्ये टेरा आली, बीस्ट बॉय तिच्यामागे येडा झालेला, ती त्याला फसवतेय आणि सगळा नुसता हशा. मुलगा खदाखदा हसत होता आणि मला तिथं बसवेना, उठून आत गेले. नवीन खरंच इतकं उथळ आहे की माझंच लहानपण मध्ये येतंय? आणि जुनं त्याला दाखवलं तर घाबरेल का?

रात्रपाळी_२२:
ताई, दोन्ही एका तराजूत घालू नका असं माझं मत आहे, आणि मी जुन्याचा कट्टर आहे बरं का. गो हा पुढचा भाग म्हणून बनवलाच नव्हता. आधी डीसी नेशन या कार्टून कार्यक्रमात छोट्या छोट्या फिल्म्स यायच्या, मोठ्या डोक्याचे बुटके टायटन्स, त्यातून २०१३ ला ही मालिका निघाली. ११ मिनिटांचा एपिसोड. जुना साधारण २२ मिनिटांचा असायचा आणि त्यात अख्ख्या सीझनचं एक सूत्र असायचं, पहिल्यात टायटन्सचा म्होरक्या रॉबिन आणि खलनायक स्लेड, दुसऱ्यात टेरा, तिसऱ्यात सायबॉर्ग आणि खलनायक ब्रदर ब्लड, चौथ्यात रेवन, पाचव्यात बीस्ट बॉयची आधीची टीम आणि ब्रदरहूड ऑफ ईव्हिल ही खलनायकांची टोळी. ११ मिनिटांत टेरावर आधी विश्वास बसायचा, मग तो तुटायचा, मग तिची दया यायची, हे बसवणार कुठे? तिथे विनोदच चालतो आणि तो त्यांना जमतो. घराच्या भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा घर घेतलं तर काय होतं असला विषय मुलांच्या कार्टूनमध्ये घेतलाय त्यांनी, आणि गाणी तर एक नंबर.

आणि इंग्रजीत ऐकत असाल तर डोळे मिटून ऐका, गो सुरू झालं तेव्हा पाचही मुख्य आवाज तेच घेतले होते. रेवन तेव्हाही टारा स्ट्राँग, आताही टारा स्ट्राँग. तीच माणसं परत एकत्र आली याचंच मला फार अप्रूप वाटतं.

सुमीची_मावशी:
दादा आवाज तेच आहेत म्हणूनच तर जास्त लागतं हो! तोच आवाज आणि आत ते माणूस नाही. रेवनच्या राक्षस बापाचं, ट्रायगॉनचंच घ्या. नवीनमध्ये तो बाबा म्हणून घरी येतो, थट्टामस्करी करतो, रेवनच्या मित्रांना शक्ती वाटतो. जुन्यात रेवनच्या वाढदिवसाला सगळे हौसेनं पार्टी ठेवतात आणि ती नको नको म्हणते, कारण तो दिवस आला म्हणजे बाप तिच्यातूनच जगात येणार हे तिला लहानपणापासून माहीत असतं. वाढदिवस नको म्हणणारी मुलगी! मी तेव्हा बारा वर्षांची होते, आमच्या घरात तेव्हा बरंच काही चाललं होतं ते इथे लिहीत नाही, पण ती पार्टीतून निघून जाते ते मी अजून विसरले नाही. पुढे सगळं जग संपल्यावर रॉबिन तिला शोधायला खाली जातो तर ती एवढीशी पोर झालेली, ह्याला ओळखतही नाही, आणि तो तिला घेऊन चालायला लागतो. मुलांना दुःख झेपतं ह्यावर त्या मालिकेचा विश्वास होता. गोचा तो नाही, कुठे जरा डोळ्यात पाणी येईल असं वाटलं की लगेच मस्करी. माझी तक्रार एवढीच आहे, विनोदाबद्दल काहीच म्हणणं नाही.

(एक जुन्याबद्दलही, पाचव्या टायटनला, स्टारफायरला स्वतःचा सीझन दिला नाही हे चुकलंच त्यांचं.)

चिखलदऱ्याचा_पाऊस:
वाद चालू द्या, मी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो कारण माझ्या मुलीला मी आत्ताच पाचही सीझन दाखवून झालो, ६५ एपिसोड, ती नऊची आहे. पहिल्यापासून क्रमानं सुरू करू नका. एक सोपी खूण सांगतो, सुरुवातीचं गाणं पफी अमीयुमी या जपानी जोडीचं आहे, ते जपानीत लागलं तर एपिसोड हलकाफुलका, इंग्रजीत लागलं तर बहुतेक गंभीर. आधी जपानीवाले दाखवा, मॅड मॉड या खलनायकाचा, किंवा तो जादूगार सगळ्यांना टोपीत ओढतो आणि रेवनचा ससा होतो तो, गो बघणाऱ्या पोराला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं. मग हळूहळू बाकीचे.

हाँटेड नावाचा एपिसोड मात्र एकट्याला बघू देऊ नका. रॉबिनला मेलेला स्लेड दिसायला लागतो, इतरांना कोणीच दिसत नाही पण ह्याच्या अंगावर खरे मार उमटतात. कारण निघतं स्लेडच्या जुन्या मुखवट्यातली धूळ. माझी मुलगी माझा दंड धरून बसली होती. पण शेवटी रॉबिनच्या लक्षात येतं की तो फक्त अंधारात दिसतो, आणि तो दिवे लावतो. त्या रात्री ती पाणी प्यायला स्वतः उठली, स्वयंपाकघरातला दिवा लावला, पाणी प्यायली, परत येऊन झोपली. त्याआधी रोज मला उठवायची.

रात्रपाळी_२२:
मावशी, रेवनचं पटलं. वाढदिवसाचा तो एपिसोड आज परत बघतो.

अबोलीची_वेणी:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवड्यांनी लिहितेय. जपानी गाण्यापासूनच सुरुवात केली. सशाच्या एपिसोडला इतका हसला की तीनदा लावायला लावला. आठवडाभर असंच चाललं, आणि गाण्याची खूण मी त्याला सांगितली नव्हती हं. काल टेराच्या गोष्टीतला शेवटचा लावला. गाणं सुरू झालं तसा म्हणाला, आई आज इंग्रजीत आहे, आणि जमिनीवरून उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

ती दगड झाली तेव्हा काही बोलला नाही. ते सगळे तिच्यापाशी फुलं ठेवतात ते बघत राहिला. मग विचारलं, ती परत येते का? मी म्हटलं पुढे बघूया आपण दोघं. रात्री भावाला फोन लावून दिला, मामा-भाचे अर्धा तास टेरावरच बोलत होते.