मदत हवी आहे: 1907चा चांदीचा रुपया 11.06 ग्रॅमच का भरतो?

आजेसासूबाईंच्या लक्ष्मीपूजनाच्या डबीत सातव्या एडवर्डचा एक रुपया आहे, 1907चा. वजन 11.66 ग्रॅम हवं, म्हणजे जुना अख्खा तोळा (आताचा दहा ग्रॅमचा नव्हे). माझ्या काट्यावर 11.06 भरतो. काटा बिघडलाय म्हणावं तर 2012चा एक रुपया त्यावर बरोबर 3.79 येतो. व्यास 30.5 मिमी, चोख. कडेच्या खाचाही शाबूत, म्हणजे कुणी कानस मारलेली नाही. चुंबकाला चिकटत नाही. सोनाराने नुसता तळहातावर तोलला आणि "जर्मन सिल्व्हर आहे हो, ठेवा देवात" म्हणून परत दिला (म्हणजे तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण, चांदी नव्हेच). विकायचा नाहीये, पण घरात दिवाळीपासून वाद पेटलाय. खरा असेल तर 0.60 ग्रॅम गेलं कुठे?

प्रतिसाद:
चुंबकाचं सोडा, जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. घनता काढा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने 11.06ला भागा. त्या रुपयात 91.7 टक्के चांदी असते, तेव्हा उत्तर 10.3च्या आसपास यायला हवं. जर्मन सिल्व्हर नऊच्याही खाली राहतं. बुडबुडे चिकटले तर टिचकी मारून घालवा, नाहीतर फसाल.

धागाकर्ती:
तीनदा केलं. दोनदा 1.07, एकदा 1.08. म्हणजे 10.3च!

प्रतिसाद:
मग चांदीच आहे. राजाची दाढी दिसते का? आणि नाणं घासता कशाने?

धागाकर्ती:
दाढी सपाट, कानाची नुसती रेघ उरलीय. सासूबाई म्हणतात, दर दिवाळीला चिंच लावून रांगोळीने घासायचा, त्यांच्या सासूबाईंपासूनची पद्धत. चकचकीत दिसला पाहिजे ना!

प्रतिसाद:
सापडलं. थोडी झीज बाजारात फिरताना झाली असेल, पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती दरवर्षी थोडी थोडी चांदी नेणारच. हिशेब बघा: 0.60 ग्रॅम चांदी दोन्ही बाजूंना वाटली तर एकेका बाजूने जेमतेम 0.04 मिमी जाते. डोळ्याला कळत नाही, काट्याला कळतं. व्यास आणि खाचा शाबूत राहिल्या कारण घासताना हात फिरतो तो तोंडावर. यापुढे कोमट पाणी नि मऊ फडकं, बास. काळा पडला तर पडू दे.

धागाकर्ती:
सासूबाईंना वाचून दाखवलं. "काळा रुपया पूजेत?" एवढंच म्हणाल्या.