वाढीची हद्द आखल्याने घरं महागतात का? प्रारूप आराखड्यात नेमकं काय तपासायचं?

रेघोटी (प्रश्न)
शहर बाहेर पसरू द्यायचं नाही, हद्द आखायची आणि आत दाट बांधायचं, हा स्मार्ट ग्रोथचा गाभा. समर्थक शेतजमीन वाचते, बस परवडते म्हणतात. विरोधक म्हणतात, जमीन अडवली की भाव चढणार आणि आत कोंडी होणार. चर्चा तत्त्वावरच अडते. हातात प्रारूप आराखडा आणि बांधकाम नियमावली असेल, तर हरकत लिहिण्याआधी कोणते आकडे काढून बघावेत?

चौरसमीटर
महागाईचा आक्षेप खरा आहे, पण दोष एकट्या हद्दीचा नाही. बाहेरचं दार लावलं आणि आतलंही उघडलं नाही, की भाव चढतात. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९७३ च्या कायद्यापासून शहरांना अशी हद्द आखावी लागते, आणि तिच्या आत पुढच्या २० वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन ठेवावी लागते. तिथल्या पोर्टलंड शहराची हद्द १९७९ ची. पण आतल्या कितीतरी निवासी भागांत एका भूखंडावर एकच घर, हा नियम तसाच राहिला. मोठ्या शहरांत तिथे दोन ते चार घरांना मुभा देणारा राज्याचा कायदा आला २०१९ मध्ये. मधली ४० वर्षं फार झाली.

म्हणून पहिला हिशोब एफएसआयचा (भूखंडाच्या किती पट क्षेत्र बांधता येतं, त्या प्रमाणाचा) करा, आणि कागदावरचा नको, प्रत्यक्षात वापरता येणारा. १५ × ३० मीटरचा भूखंड घ्या, म्हणजे ४५० चौ.मी. एफएसआय २ लिहिलाय, तर ९०० चौ.मी. बांधता यायला हवेत. आता सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, वजा करा: पुढे ६ मीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना ३-३. उरलं ९ × २१, म्हणजे १८९ चौ.मी. उंचीची मर्यादा तीन मजले असेल तर ५६७ चौ.मी., एफएसआय १.२६ वर थांबला. तळमजला पार्किंगला गेला की ३७८ चौ.मी., म्हणजे ०.८४. नियमावलीत २ लिहून ०.८४ च मिळत असेल, तर घनता वाढवल्याचा दावा पोकळ आहे. आपल्या भागात सर्रास आढळणारे तीन-चार मापांचे भूखंड घेऊन हे गणित करा आणि तेच हरकतीला जोडा. अरुंद भूखंडावर बाजूचं अंतरच सगळं खातं. भिंतीला भिंत लावून बांधायची मुभा आहे का, हे तिथे आधी बघा.

रेघोटी
हे कामाचं आहे. पण पार्किंग काढलं तर गाड्या रस्त्यावर येतील, ही हरकत हमखास येते. आणि कोंडीचं काय?

पदपथ
कोंडीबद्दल समर्थकांनी खरं बोलावं. घनता दुप्पट झाली आणि माणशी गाडीचा वापर अगदी २० टक्क्यांनी घटला असं धरलं, तरी त्या भागातली वाहतूक २ × ०.८, म्हणजे १.६ पट होते. माणशी वापर घटतो, गल्लीतली गर्दी वाढते. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. फायदा पूर्ण शहराच्या बेरजेत दिसतो, कारण तेच लोक दूर राहिले असते तर जास्त किलोमीटर गाडी चालवून त्याच रस्त्यांवर आले असते. ‘कोंडी कमी होईल’ असं वचन आराखड्यात दिलं असेल तर त्यावर हरकत घ्याच.

पार्किंगचं माप बघा. गाडी उभी राहते २.५ × ५ मीटरमध्ये, पण वळायची मार्गिका आणि रॅम्प धरून एका गाडीमागे २५ ते ३० चौ.मी. जातात. दोन गाड्यांची सक्ती म्हणजे ५० ते ६० चौ.मी., एक लहान घरच. ज्याच्याकडे गाडी नाही तोही घराच्या किमतीतून ते भरतो. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट काढली. पार्किंगवर बंदी घातली नाही. सक्ती काढणं आणि बंदी घालणं यात सभांमध्ये नेहमी गल्लत होते. मात्र सक्ती काढताना रस्त्यावरच्या जागेला दर आणि प्रत्यक्षात वसूल होणारा दंड हवाच. नाहीतर तुम्ही म्हणता ती हरकत खरी ठरते.

गटारनकाशा
दोन गोष्टी राहिल्या.

स्थानकाभोवती ८०० मीटरचं वर्तुळ काढून ‘एवढे लोक चालत येतील’ म्हणतात. वर्तुळाचं क्षेत्र साधारण २०१ हेक्टर. रस्ते काटकोनात असले तरी ८०० मीटर चालून पोचता येतं ते फक्त १२८ हेक्टरवर, ६४ टक्के. बंद गल्ल्या, रेल्वेरूळ, नाला आडवा आला की आणखी कमी. नकाशावर प्रत्यक्ष पायवाटेने अंतर मोजा. कधी कधी एक पादचारी पूल दहा इमारतींपेक्षा जास्त लोक स्थानकाजवळ आणतो.

दुसरं पाइपचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ३० मीटर दर्शनी रुंदीचे भूखंड असतील तर दर घरासाठी १५ मीटर रस्ता, जलवाहिनी आणि मलवाहिनी लागते. ६ मीटर रुंदीला फक्त ३ मीटर. पसरलेल्या वस्तीचा खरा बोजा हा, आणि तो दुरुस्तीच्या वेळी पालिकेवर पडतो. पण दाट भागातही जुनी मलवाहिनी पुरेल असं गृहीत धरू नका. एफएसआय वाढवलेल्या प्रत्येक पट्ट्यासाठी मलवाहिनीचा व्यास, उतार आणि सध्याचा कमाल प्रवाह मागा. पावसाचं पाणी त्याच वाहिनीत शिरत असेल तर कोरड्या दिवसांतलं मोजमाप फसवं असतं, पावसाळ्यातलं मागा.