मदत हवी आहे : राजगडला पालीकडून जावं की गुंजवण्याकडून?

हिंजवडीत जॉब आहे, शुक्रवारी यूएसवाल्यांचा कॉल संपेपर्यंत रात्रीचे अकरा होतात, म्हणून शनिवारी दुपारी निघून रविवारचा सूर्योदय गडाच्या पूर्वेकडच्या सुवेळा माचीवर बघायचा असं ठरतंय. सोबतच्या मित्राला उंचीची भीती वाटते, गुंजवण्याच्या वाटेवर चोर दरवाज्याकडे शेवटी रेलिंग धरून चढावं लागतं आणि पालीकडून पायऱ्या आहेत, मग पालीच बरं ना? पद्मावती मंदिरात सध्या मुक्काम करू देतात का, टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे का? पहाटे अंधारात सुवेळाची वाट टॉर्चवर जमेल का? उजाडताना ऐकायला ललत आणि अहिर भैरव हे सकाळचे राग डाउनलोड करून ठेवलेत, अर्थात इअरफोन लावूनच, गडावर स्पीकर लावणं मला अजिबात पटत नाही. नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.